ऑलिव्हर हेविसाइड : तारेच्या कवचातून विजेचे शास्त्र वाचणारा माणूस

आमच्या शाळेचे मोठे लोखंडी फाटक मे महिन्याच्या सुट्टीत रंगवले जाते. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर हिरव्या ऑइल पेंटचे दोन हात. जूनमध्ये मुले येतात तेव्हा फाटक नव्यासारखे दिसते. चवथीच्या सुट्टीनंतर पाहावे तर खालच्या पट्टीवर तांदळाएवढे फुगे आलेले असतात आणि एखादा फुगा नखाने फोडला की आत तांबूस पाणी. यंदा नववीतल्या एका मुलीने विज्ञानाच्या तासाला विचारले की फुगा यायच्या आधीच, रंग न खरवडता, आत गंज सुरू झाला आहे हे ओळखता येईल का? प्रश्न चांगला होता आणि त्याचे उत्तर आहे. ओळखता येते, विजेच्या साहाय्याने. पण हे उत्तर समजायला ज्या माणसाकडे जावे लागते त्याचे नाव पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते. म्हणून या अंकात त्याचे चरित्र देत आहोत.

गोव्यातल्या पालकांना गंजाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल १९७० साली खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने आतल्या आत गंजल्या होत्या. पुढची काही वर्षे लोकांनी फेरीबोटीने नदी ओलांडली. सोळा वर्षांचा पूल, बाहेरून धडधाकट. आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, हीच गंजाच्या बाबतीतली खरी अडचण आहे.

ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. चार भावांत तो धाकटा. वडील थॉमस लाकडावर कोरीव चित्रे काढून छापखान्यांना देत. हा धंदा बेताचाच होता. आई घरातच मुलींची लहानशी शाळा चालवी. लहानपणी ऑलिव्हरला स्कार्लेट फीवर झाला आणि त्यातून उठला तो कानाने अधू होऊन. रस्त्यावरच्या पोरांच्या खेळात ऐकू न येणाऱ्याला कोण घेणार? तो एकटा पडत गेला. पुढे ऐकू येणे काहीसे सुधारले, पण एकटेपणाची सवय सुटली नाही.

शाळेत तो हुशार होता. १८६५ सालच्या एका परीक्षेत पाचशेहून अधिक मुलांत त्याचा पाचवा क्रमांक आला आणि निसर्गविज्ञानात त्याने बक्षीस मिळवले. मात्र भूमितीत त्याला फारच कमी गुण पडले. युक्लिडची प्रमेये पाठ करून जशीच्या तशी उतरवणे त्याला मुळीच आवडत नसे आणि या पद्धतीविरुद्धचा राग त्याने म्हातारपणापर्यंत जपला. भूमितीत कमी गुण मिळवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. बाकीच्या विषयांचे गुणही पाहावेत.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे शिकवण्याइतका पैसा घरात नव्हता. मग आईच्या बहिणीचे यजमान कामी आले. हे मावसोबा म्हणजे चार्ल्स व्हीटस्टन. इंग्लंडमध्ये १८३७ साली विजेच्या तारायंत्राचे पेटंट घेणाऱ्या दोघांपैकी एक, कॉन्सर्टिना या वाद्याचे जनक, आणि दहावी-अकरावीच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन ब्रिज ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे. (ब्रिजची मूळ कल्पना क्रिस्टी यांची, १८३३ मधली. व्हीटस्टन यांनी ती दहा वर्षांनी लोकांपुढे आणली. नाव मात्र त्यांचे राहिले.) त्यांच्या सल्ल्याने ऑलिव्हर घरी बसून जर्मन व डॅनिश भाषा आणि मोर्सची कडकट्ट शिकला. १८६७ मध्ये न्यूकॅसलला तारखात्यात असलेल्या आर्थर या भावाकडे गेला आणि १८६८ मध्ये इंग्लंड ते डेन्मार्क अशी जी नवी समुद्री तार पडली, तिच्यावर तारमास्तर म्हणून नोकरीला लागला. वय अठरा.

ही समुद्री तार म्हणजे काय, हे जरा थांबून पाहायला हवे, कारण नववीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

मध्ये तांब्याची तार. तिच्याभोवती गटापर्चाचे जाड वेष्टण. गटापर्चा हा मलायातल्या झाडांचा चीक. कोमट केला की मऊ, थंड झाला की घट्ट, आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारा. त्यावर तागाचे आवरण आणि सर्वांत बाहेर लोखंडी तारांचे चिलखत. बाहेर शेकडो मैल खारे पाणी. आता विचार करा : आत धातू, मध्ये पातळ कवच, बाहेर खारे पाणी. आमच्या फाटकाची पट्टी पावसात उभी असते तेव्हा हीच मांडणी असते. फरक इतकाच की फाटकात रंगाने पाणी धातूपासून दूर ठेवायचे, तर तारेत गटापर्चाने वीज पाण्यापासून दूर ठेवायची. कवचाला टाचणीएवढे छिद्र पडले तरी दोन्हीकडे काम बिघडते.

समुद्राच्या तळाशी असलेले छिद्र दिसणार कसे? तारवाल्यांनी त्यासाठी विजेचीच मदत घेतली. तारेचे पलीकडचे टोक मोकळे ठेवायचे, अलीकडच्या टोकाला बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटर जोडायचा. कवच धड असेल तर वीज जायला वाटच नाही, काटा जवळजवळ जागचा हलत नाही. छिद्र असेल तर तिथून वीज समुद्रात गळते आणि काटा सरकतो. १८६५ साली ग्रेट ईस्टर्न हे प्रचंड जहाज अटलांटिकमध्ये तार सोडत होते तेव्हा ही परीक्षा रात्रंदिवस चालू होती. मध्येच काटा उडाला. तार मागे ओढून पाहिली, तर गटापर्चात लोखंडी तारेचा एक तुकडा आरपार घुसलेला! तेवढा भाग कापून, जोड देऊन पुढे काम चालू झाले. त्या मोहिमेत तार शेवटी तुटली, १८६६ मध्ये दुसरी यशस्वीपणे पोहोचली. याच जहाजाने पुढे मुंबई ते एडन तार टाकली आणि १८७० साली मुंबई समुद्रमार्गे थेट इंग्लंडशी जोडली गेली.

छिद्र आहे एवढे कळून भागत नाही, ते कुठे आहे हेही कळावे लागते. जहाज पाठवायचे कुठे? इथे साधे अंकगणित आहे. आमच्या आठवीच्या मुलांनी पेन्सिल हातात घ्यावी. समजा, ३०० मैलांची तार आहे आणि दर मैलाला तांब्याचा रोध ६ ओहम आहे. एका टोकाकडून मोजले तर ९०० ओहम भरले, दुसऱ्या टोकाकडून १५०० ओहम. प्रत्येक मोजणीत छिद्रापर्यंतच्या तांब्याचा रोध आणि खुद्द छिद्राचा रोध असे दोन्ही मिसळलेले आहेत. पण छिद्राचा रोध दोन्हीकडे सारखाच, तेव्हा वजाबाकीत तो उडून जातो. फरक ६०० ओहम, म्हणजे १०० मैलांचा. छिद्र पहिल्या टोकापासून १०० मैलांवर, दुसऱ्यापासून २०० मैलांवर आणि छिद्राचा स्वतःचा रोध ३०० ओहम. हे आकडे आम्ही समजण्यासाठी सोपे घेतले आहेत. प्रत्यक्षात छिद्राचा रोध घटकेघटकेला बदलतो, कारण उघड्या पडलेल्या तांब्यावर क्षार साचतात, वायूचे बुडबुडे येतात. म्हणून मोजमाप अचूक आणि झटपट घेता आले पाहिजे. न्यूकॅसलच्या कचेरीत बसून तरुण हेविसाइड अशा गोष्टींचाच विचार करत होते.

(इथून पुढे आम्ही त्यांना अहो-जाहो करीत आहोत. आता ते मिळवते झाले!)

व्हीटस्टन ब्रिजचे चार रोध कसे निवडले म्हणजे मोजणी सर्वांत नाजूक होईल, असा प्रश्न त्यांनी घेतला. अनुभवी तारमास्तर हे हाताच्या अंदाजाने ठरवीत. हेविसाइड यांनी गणिताने ठरवले, तेही स्वतः पुस्तके वाचून शिकलेल्या गणिताने. १८७३ साली हा निबंध एका प्रतिष्ठित शास्त्रीय मासिकात छापून आला. अटलांटिक तारेचे शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी त्याची दखल घेतली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या विद्युतशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याचा उल्लेख आला. तारकचेरीतला तेवीस वर्षांचा मुलगा, शिक्षण सोळाव्या वर्षापर्यंतचे!

त्याच वर्षी मॅक्सवेल यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती त्यांच्या हाती पडली. पुस्तक उघडले आणि फारच थोडे समजले. पण यात काहीतरी विलक्षण आहे हे जाणवले. १८७४ मध्ये चोविसाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी परत येऊन ते त्या ग्रंथाच्या मागे लागले. त्यानंतर आयुष्यात त्यांनी कधीही नोकरी केली नाही.

पालकांना हे वाचून धडकी भरेल, याची आम्हांला कल्पना आहे. चांगल्या पगाराची नोकरी सोडून तरुण मुलगा एका खोलीत दार लावून बसतो, जेवणाचे ताट दाराशी ठेवावे लागते, आणि तो करतो काय तर गणित. त्यांच्या आईवडिलांनी हे कसे सोसले असेल? सोसले मात्र खरे. दोघेही हयात असेपर्यंत मुलाला घर होते. आम्ही असा सल्ला कुणाला देणार नाही. पण तसे घर नसते तर पुढचे काही झाले नसते हेही तितकेच खरे आहे.

१८७९ साली त्यांनी तारेतल्या दोषांवर एक निबंध लिहिला. त्यातला एक निष्कर्ष ऐकून अनुभवी मंडळी चक्रावली असतील. कवचातली थोडीशी गळती संदेशाचा वेग वाढवू शकते! कारण असे. लांब तार म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर. आत तांबे, बाहेर समुद्र, मध्ये गटापर्चा. टिंब पाठवले की तारेत वीजभार साठतो आणि तो ओसरायला वेळ लागतो. तोवर दुसरे टिंब आले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. गळती असली तर साठलेला भार लवकर निघून जातो आणि टिंबे सुटी राहतात. म्हणून कोणी मुद्दाम तारेला भोके पाडत नाही. पण दोष म्हणजे केवळ वाईट असे न धरता त्याचा परिणाम मोजून पाहायचा, ही त्यांची पद्धत इथे दिसते.

मॅक्सवेल यांच्या सिद्धांतात वीस समीकरणे होती. हेविसाइड यांनी १८८४-८५ च्या सुमारास सदिशांची नवी भाषा वापरून ती चार समीकरणांत बसवली. आज जगभरचे विद्यार्थी मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणे शिकतात, ती या रूपात आणली हेविसाइड यांनी. मॅक्सवेल स्वतः १८७९ मध्येच वारले होते. विद्युत अभियंत्यांच्या एका साप्ताहिकात हेविसाइड यांची लेखमाला चाले आणि तिचे वर्षाला सुमारे चाळीस पौंड मिळत. हीच त्यांची कमाई.

या लेखांतून त्यांनी नवे शब्द घडवले. इंडक्टन्स, कंडक्टन्स, पर्मिअ‍ॅबिलिटी, अ‍ॅडमिटन्स, आणि १८८६ साली इम्पीडन्स. आमच्या गंजाच्या गोष्टीला हा शेवटचा शब्द हवा आहे.

बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, तिला अडवणारा तो रोध. पण जी वीज सतत दिशा बदलते तिला अडथळे निराळ्या तऱ्हेचे असतात. तारेचे वेटोळे बदलाला विरोध करते, जितक्या भराभर दिशा बदलाल तितका जास्त. कपॅसिटरचे उलटे आहे. सावकाश बदलणाऱ्या विजेला तो जवळजवळ बंद दारासारखा, भराभर बदलणारीला उघड्या दारासारखा. या तिन्हींचा मिळून होणारा एकूण अडथळा म्हणजे इम्पीडन्स. तो एक ठरीव आकडा नसतो, विजेची कंपनसंख्या बदलली की तोही बदलतो. १८९३ साली आर्थर केनेली यांनी या कल्पनेला संमिश्र संख्यांचे सोपे गणित जोडले आणि ती सर्व अभियंत्यांच्या हाती आली. हे केनेली मूळचे आपल्याकडचे म्हणायला हरकत नाही. त्यांचा जन्म १८६१ मध्ये मुंबईच्या कुलाब्यात झाला होता.

आता पुन्हा फाटकाकडे येऊ. रंगवलेल्या लोखंडाची परीक्षा आज प्रयोगशाळेत अशी घेतात. रंगावर काचेची किंवा प्लास्टिकची रुंद नळी चिकटवायची आणि तिच्यात मिठाचे पाणी भरायचे. पाण्यात एक इलेक्ट्रोड सोडायचा आणि दुसरे टोक लोखंडाला जोडायचे. मग अगदी बारीक, सुमारे दहा मिलिव्होल्टची, दिशा बदलणारी वीज द्यायची. सुरुवातीला सेकंदाला लाखभर वेळा बदलणारी, नंतर सावकाश करत करत शंभर सेकंदांत एकदा बदलणारी. प्रत्येक ठिकाणी इम्पीडन्स मोजायचा आणि आलेख काढायचा.

ताजा, चांगला रंग हा शुद्ध कपॅसिटरसारखा वागतो. सावकाश विजेला त्याचा इम्पीडन्स एका चौरस सेंटिमीटरला शंभर कोटी ओहम किंवा त्याहूनही अधिक भरतो. मग पाणी रंगात शिरू लागते. रंगाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक तीन ते आठच्या आसपास, पाण्याचा ऐंशीच्या आसपास. त्यामुळे थोडेसे पाणी मुरले तरी कपॅसिटन्स वाढलेला लगेच कळतो. किती वाढला यावरून रंगाने किती पाणी प्यायले याचा अंदाज बांधण्याचे सूत्र १९५४ मध्ये ब्रॅशर आणि किंग्सबरी यांनी दिले. पुढची पायरी म्हणजे रंगातून पाण्याच्या सूक्ष्म वाटा आरपार जाणे. मग सावकाश विजेलाही वाट सापडते आणि आलेख सपाट होऊ लागतो. पाणी लोखंडापर्यंत पोहोचून गंज सुरू झाला की आलेखात आणखी एक वळण दिसते. इम्पीडन्स दहा लाख ओहमच्या खाली आला तर रंग केवळ शोभेचा उरला असे समजावे. आणि या वेळी वरून पाहिले तर चकाकी तशीच असते, फुगा एकही नसतो.

याची साधी आवृत्ती जुनी आहे. १९४८ साली बेकन, स्मिथ आणि रग या तिघांनी तीनशेहून अधिक रंगांचा रोध खाऱ्या पाण्यात बराच काळ मोजला. ज्यांचा रोध चौरस सेंटिमीटरला दहा कोटी ओहमच्या वर टिकला ते चांगले निघाले, दहा लाखांच्या खाली उतरले ते वाया गेले. तारमास्तरांनी गटापर्चाची जी परीक्षा घेतली तीच ही.

वीज इतकी बारीक का द्यायची, असे मुलांनी विचारले. कारण परीक्षेनेच रंग बिघडता कामा नये. याचा धडा १८५८ मध्येच मिळाला होता. पहिली अटलांटिक तार आधीच अशक्त होती. व्हाइटहाउस नावाच्या अधिकाऱ्याने तिला सुमारे दोन हजार व्होल्टचे धक्के दिले आणि तीन-एक आठवड्यांत ती कायमची मुकी झाली.

हेविसाइड यांच्या आयुष्याकडे परतलो की गोष्ट कडू होते. टेलिफोनचा आवाज लांब अंतरावर फाटतो आणि अस्पष्ट होतो, ही त्या काळची मोठी अडचण होती. १८८७ मध्ये त्यांनी सिद्ध केले की तारेचे चार गुण एका विशिष्ट प्रमाणात ठेवले, तर आवाज क्षीण होईल पण फाटणार नाही. त्यासाठी प्रत्यक्षात तारेचा इंडक्टन्स वाढवायला हवा होता. पण टपाल खात्यातले विद्युततज्ज्ञ विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलटे होते. इंडक्टन्स हा शत्रू, तो कमी करावा, असे ते मानत. आर्थर त्याच खात्यात नोकरीला. दोघा भावांनी मिळून लिहिलेला निबंध छापायला खात्याची परवानगी हवी होती आणि प्रीस यांनी ती दिली नाही. त्याच वर्षी साप्ताहिकाचे संपादक बदलले आणि नव्या संपादकाने लेखमालाही बंद केली. प्रीस यांना गणित फारसे येत नव्हते आणि अधिकार पुष्कळ होता. हेविसाइड यांचे नेमके उलटे होते. तरीही सगळा दोष प्रीस यांच्यावर टाकावा असे आम्हांला वाटत नाही. हेविसाइड यांचे लेखन फार अवघड असे आणि टीका करताना त्यांची जीभ कमालीची तिखट होई. ज्याच्याकडून परवानगी घ्यायची त्यालाच छापून हिणवले तर परवानगी कशी मिळेल?

१८८८ मध्ये जर्मनीत हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखवल्या आणि मॅक्सवेलचा सिद्धांत खरा ठरला. मग तो सिद्धांत ज्याला खरोखर समजला होता अशा माणसाची लोकांना आठवण झाली. १८८९ मध्ये थॉमसन यांनी अध्यक्षीय भाषणात हेविसाइड यांचा जाहीर गौरव केला आणि १८९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. पण पैसा आला नाही. टेलिफोनच्या तारेत ठराविक अंतरावर वेटोळी बसवण्याचे पेटंट अमेरिकेत मायकेल प्युपिन यांना १९०० साली मिळाले आणि त्यांना चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले. त्या वेटोळ्यांमागचे शास्त्र हेविसाइड यांनी तेरा वर्षांपूर्वी छापून ठेवले होते. त्यांनी पेटंट घेतले नव्हते आणि त्यांना एक पेनीही मिळाली नाही.

१८८९ मध्ये कुटुंब डेव्हन परगण्यात पेंटन गावी राहायला गेले. तिथे चार्ल्स या भावाचे वाद्यांचे दुकान होते. १८९४ मध्ये आई गेली, १८९६ मध्ये वडील. त्यांची हलाखी पाहून रॉयल सोसायटीने मदत देऊ केली, तेव्हा ती भीक समजून त्यांनी नाकारली. मित्रांनी मोठ्या खटपटीने, त्यांच्या कामाचा सन्मान म्हणून, सरकारकडून वर्षाला १२० पौंडांचे पेन्शन मिळवले, तेव्हा कुठे त्यांनी ते घेतले. मदत कशी द्यावी हे त्या मित्रांकडून शिकावे.

गणितज्ञांशीही त्यांचे जमले नाही. क्लिष्ट समीकरणे सोडवण्याची एक झटपट रीत त्यांनी शोधली होती. उत्तरे बरोबर येत, पण रीत का चालते याची सिद्धता ते देत नसत. १८९४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांचा एक निबंध परत पाठवला. पुढच्या पिढीने त्या रीतीला पक्का पाया घालून दिला. आमचे जे माजी विद्यार्थी अभियांत्रिकीला आहेत त्यांनी लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकताना हेविसाइड स्टेप फंक्शन पाहिले असेल. बटण दाबले की शून्याची एक होणारी ती पायरी याच तारमास्तरांच्या नावाची आहे.

१९०२ साली एका विश्वकोशातील लेखात त्यांनी सुचवले की वातावरणात उंचावर वीजवाहक थर असावा आणि बिनतारी लहरी त्याच्यामुळे पृथ्वीच्या वळणाभोवती जात असाव्यात. त्याच वर्षी कुलाब्याच्या केनेली यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडले. आमच्या पिढीने रात्री उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन रेडिओ सिलोन ऐकले ते आकाशातल्या अशाच थरांच्या कृपेने. डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी प्रयोगाने हा थर असल्याचे दाखवून दिले.

शेवटची वर्षे टॉर्की गावी गेली. १९०८ मध्ये चार्ल्सच्या मेहुणीच्या घरी ते राहायला आले. त्यांच्या विक्षिप्तपणाला कंटाळून ती बाई १९१६ मध्ये निघून गेली. मग ते एकटेच राहिले. घरात दगडी ठोकळ्यांचे सामान ठेवीत असे सांगतात. बिलावरून गॅस कंपनीशी त्यांचे भांडण झाले, गॅस तोडला गेला आणि गारठ्यात दिवस काढावे लागले. १९२२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केले आणि पहिले त्यांना दिले. ते समारंभाला जाणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून संस्थेचे अध्यक्ष पदक घेऊन स्वतः टॉर्कीला गेले. पुढे शिडीवरून पडल्याचे निमित्त झाले आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हेविसाइड यांचे निधन झाले. पेंटनच्या दफनभूमीत त्यांना आईवडिलांजवळ ठेवले.

आता नववीतल्या मुलीच्या प्रश्नाचे राहिलेले काम. शंभर कोटी ओहम मोजणारे यंत्र शाळेकडे नाही. पण गळती शोधायला इतके लागत नाही. आम्ही नऊ व्होल्टची बॅटरी घेतली. तिचे एक टोक फाटकाच्या बिजागरीजवळ खरवडून उघड्या केलेल्या लोखंडाला जोडले, दुसरे मीटरमधून मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजला. स्पंज रंगावरून हळूहळू फिरवला. पुष्कळ भागावर मीटरने शून्य दाखवले. जिथे काटा हलला तिथे मुलांनी खडूने खूण केली. अकरा खुणा झाल्या. त्यांपैकी चार ठिकाणी फुगे आधीच आलेले होते, सात ठिकाणी डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. त्या सात जागा कागदावर मोजमापासह उतरवून घेतल्या आहेत आणि दिवाळीनंतर पुन्हा पाहणार आहोत. तोवर कोणी त्या खरवडू नयेत, ही सर्व मुलांना विनंती.